हसतानाचा रकाना

सहदेव ठोंबरे दर तीन महिन्यांनी कर्जतला जायचे, आणि कशासाठी जातात हे मोहोपाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या इंदूबाईंना त्यांनी जमिनीचं काम म्हणून सांगितलं होतं. कर्जत तालुक्यात ज्याचं जमिनीचं काम नाही असा माणूस सापडणं अवघड, आणि ते काम वेळेत संपलं असं आजवर कुणाचं झालेलं नाही, त्यामुळे इंदूबाईंना कधी शंका आली नाही. जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, "झाला का सातबारा?" आणि ठोंबरे म्हणायचे, "चाललंय."

काम होतं ते लघवीचं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. त्याआधी लघवी होत नव्हती, नंतर ती थांबेना. खोकला आला, शिंक आली, गॅसचा सिलिंडर सरकवला, की थोडी व्हायची. कधी थोडीपेक्षा जास्त. काही महिन्यांत आपोआप बंद होईल, असं ऑपरेशन करणारे म्हणाले होते. बहुतेकांची होते म्हणे. ठोंबरे आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेकांतून बाहेर पडले.

पनवेल जवळ होतं. पण पनवेलच्या कुठल्याही दवाखान्यात शिरा, मोहोपाडा-रसायनीची अर्धी कॉलनी बाकावर बसलेली असते, आणि 'काय होतंय?' हे डॉक्टरांच्या आधी तीच विचारते. म्हणून कर्जत. तिथे स्टेशनापासून दहा मिनिटांवर एक हॉस्पिटल होतं. पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी तिथे पुण्याहून मूत्ररोगतज्ज्ञ यायचे. डॉ. एस. सबनीस एवढंच पाटीवर लिहिलं होतं. एस म्हणजे सुप्रिया, हे ठोंबऱ्यांना आत गेल्यावर कळलं, आणि तोवर त्यांचा नंबर पुकारून झाला होता.

डॉक्टरबाई चाळिशीच्या. आवाज असा, की लघवी हा शब्दही त्या भाजीच्या यादीतून वाचल्यासारखा उच्चारायच्या. "किती पॅड लागतात, काका? रात्री उठावं लागतं का? धार जोरात येते?" ठोंबऱ्यांच्या बायकोनं एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना इतके प्रश्न विचारले नव्हते. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

पहिल्याच भेटीत बाईंनी एक छापील कागद दिला. तीन दिवसांचे रकाने. किती वाजता काय प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली. कपडे ओले झाले का, आणि झाले तर कशानं: खोकताना, शिंकताना, वजन उचलताना, हसताना. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम केला का. पॅड किती बदलले. आणि कडेला 'शेरा'.

"प्रत्येक वेळी येण्याआधी तीन दिवस हे भरायचं," बाई म्हणाल्या. "औषध बदलायचं का, आणि तुम्ही परत कधी यायचं, हे मी यावरून ठरवणार."

कागद बघून ठोंबऱ्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. बत्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? रसायनीतल्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते. दर तासाला रिअ‍ॅक्टरचं तापमान, प्रेशर, पाण्याचा फ्लो लॉगशीटवर लिहायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, मीटरवर जे दिसतं ते कागदावर लिहायचं. नवा माणूस पहिले आठ दिवस तसं लिहितोही. मग एक दिवस तापमान दोन डिग्रीनं जास्त लिहून बसतो, आणि साहेब त्याला केबिनमध्ये बोलावतात. का वाढलं ते लिहा, काय उपाय केला ते लिहा, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार ते लिहा. वर तिघांच्या सह्या आणा. त्या दिवशी माणूस शहाणा होतो. रीडिंग रेंजमध्ये असलं की कागद फायलीला जातो आणि माणूस घरी जातो.

त्यातही कला असते. कच्चा माणूस सगळीकडे एकच आकडा टाकतो आणि ऑडिटला सापडतो. कसलेला ऑपरेटर एक वर, एक खाली, मध्येच एखादा खोडून पुन्हा, असं करत बसची वेळ होण्याआधी शेवटच्या दोन तासांचं रीडिंग भरून मोकळा होतो. ठोंबऱ्यांची लॉगशीट नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये नमुना म्हणून दाखवायचे.

तर बुधवारी संध्याकाळी चहा झाला की ठोंबरे चष्मा लावून बसत आणि तिन्ही दिवसांचा कागद एका बैठकीत भरून टाकत. पाणी दोन लिटरच्या आसपास. लघवी सहा वेळा, सात वेळा, सहा वेळा. गळती: थेंब, नाही, थेंब. पॅड एक. व्यायाम: केला. हसताना: नाही. शेरा: नॉर्मल.

कुणाला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. हा कागद वेगळ्या जातीचा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

खऱ्या मीटरवर चार पॅड होते. ते मोहोपाड्यात घेणं शक्य नव्हतं. चौक गावात जुन्या हायवेवर, दोन गॅरेजच्या मध्ये एक मेडिकल होतं, तिथून ते काळ्या पिशवीत आणायचे. दुकानदार पहिल्यांदा म्हणाला होता, "आईंसाठी का?" ठोंबरे हो म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक वेळी दुकानदार आईंची चौकशी करायचा, आणि ठोंबरे सांगायचे, "आहे तशीच." आई जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, म्हणजे ते खोटंही नव्हतं.

पँट काळीच. बसायचं तर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. लग्नाला गेलं तर अक्षता टाकून परत. संध्याकाळी कॉलनीच्या गेटासमोरच्या कट्ट्यावर रिटायर लोक जमायचे, तिथे जाणं आठ महिन्यांपूर्वी बंद झालं. एकदा कट्ट्यावरून उठल्यावर सिमेंटवर ओला ठसा राहिला होता. कुणी पाहिला नाही. पण आणखी पाच मिनिटं तिथे बसून तो वाळवताना ठोंबऱ्यांनी जो काही विचार करायचा तो केला. मित्रांना त्यांनी गुडघे सांगितले. साठीनंतर गुडघे म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही.

मुलगा स्वप्नील पुण्याला, वाकडला. दर रविवारी फोन.

"बाबा, या ना राहायला. आठ दिवस तरी."

"बघतो रे. इथं टाकी भरायची असते."

"बाबा, तुमची टाकी दोन वर्षं भरतेय."

ठोंबऱ्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"प्रियाला वाटतं, तिचं काहीतरी चुकलं. मागच्या वेळी एका दिवसात निघून गेलात."

सुनेचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते सोफ्याचं. तो दुधावरच्या सायीच्या रंगाचा होता. त्या घरात एक प्लॅस्टिकची खुर्ची असती, तर ठोंबरे महिनाभर राहिले असते. पण हे सुनेला कसं सांगायचं, याचा नमुना त्यांच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हता.

अशाच एका महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बाईंनी चौथा कागद पाहिला. मग मागचे तीनही काढून शेजारी मांडले आणि चक्क हसल्या.

"काका, तुमच्यासारखे पेशंट मिळायला हवेत. बघा, किती स्थिर आहे! चारही वेळा जवळजवळ सारखं. एक पॅड म्हणजे काहीच नाही."

ठोंबऱ्यांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. ऑडिटमध्ये एकही शेरा न निघाल्यासारखं.

"आता तीन महिन्यांनी यायची गरज नाही. असं स्थिर असलं की वर्षातून एकदा पुरतं. उगाच कशाला हेलपाटे? मात्र मध्ये लघवीतून रक्त आलं, ताप आला, तुंबली, किंवा गळती वाढली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन. नाहीतर पुढच्या वर्षी."

बाहेर काउंटरवर भाग्यश्री नावाची मुलगी तारखा द्यायची. ती कर्जतचीच, आणि तिचा आवाज कडाव फाट्यापर्यंत जाईल असा. "पुढचं वर्ष, काका! मज्जा आहे तुमची!"

ठोंबरे एसटी स्टँडवर आले. तिथलं शौचालय त्यांना माहीत होतं. मोहोपाडा ते कर्जत रस्त्यावरची सगळीच त्यांना माहीत होती. गाडी यायला अर्धा तास होता. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि मग, हळूहळू, त्यांना उमगलं की एक वर्ष म्हणजे बावन्न आठवडे.

तीन महिन्यांतून एकदा, आठ मिनिटं. दार लावलेलं, पंखा चालू, आणि कुणीतरी साध्या आवाजात विचारतंय, काका, किती वेळा होते. उत्तर ते खोटं देत होते. पण प्रश्न तर खरा होता. बाकी सगळीकडे सातबारा, गुडघे, आई आणि टाकी. तेवढी एक खोली होती, आणि तिथूनही त्यांनी आपल्या हातानं, सुवाच्य अक्षरात, स्वतःला डिस्चार्ज देऊन टाकला होता.

गाडी आली. बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "बसा की." ठोंबरे चौक गावापर्यंत उभे राहिले.

त्यांनी दहा दिवस काही केलं नाही. अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, कोरा कागद काढला. मापाचं भांडं वर्षभर कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, ते धुतलं. आणि बत्तीस वर्षं अधिक एक, इतक्या काळात पहिल्यांदा सहदेव ठोंबऱ्यांनी जे दिसलं ते लिहिलं.

अवघड गेलं. पहिल्या तासाला १४० मिली भरली आणि हातानं सवयीनं २०० लिहिली. खोडली. सव्वानऊला शिंक: ओलं. दहाला बादली उचलली: ओलं. अकराला काही न करता, खिडकीशी उभं असताना: ओलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. शेवटी लिहिलं, 'उभा होतो.' संध्याकाळपर्यंत कागद असा दिसायला लागला, की कंपनीत असता तर प्लांट बंद करून मुंबईच्या हेड ऑफिसला कळवलं असतं. पॅड चार. व्यायाम: नाही, कधीच नाही. शेऱ्याला जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला बाण काढला.

मंगळवारी दुपारी ते बसून कागद तपासत होते. कारणाचा रकाना त्यांनी पुन्हा पाहिला. खोकताना: सहा. शिंकताना: तीन. वजन उचलताना: पाच. हसताना: शून्य.

हे एक रीडिंग चांगलं आलं, असं त्यांना आधी वाटलं. मग जुना ऑपरेटर जागा झाला. मीटर शून्य दाखवतंय म्हणजे प्रेशर नाही, की मीटरपर्यंत काही पोचतच नाही? त्यांनी आठवून पाहिलं. सोमवारी ते हसले नव्हते. मंगळवारी नव्हते. रविवारी स्वप्नीलच्या फोनवर 'हो हो' केलं होतं, ते हसण्यात धरता येत नाही. त्याच्या मागं जाता जाता ते दिवाळीपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

रकाना रिकामा ठेवून चालणार नव्हतं. चाचणी न घेता शून्य लिहिणं म्हणजे पुन्हा तेच. बुधवारी संध्याकाळी त्यांनी नवा पॅड लावला, काळी पँट घातली, कागद चौघडी घालून खिशात ठेवला आणि आठ महिन्यांनी कट्ट्यावर गेले.

कट्ट्यावर लडकू एकटाच होता. लडकू म्हणजे त्यांचा रिलीव्हर. बावीस वर्षं सहदेवची शिफ्ट संपली की लडकूची सुरू व्हायची, त्यामुळे दोघांची जिवाभावाची मैत्री रोज पाच मिनिटांची होती.

"आयला! जित्ता हायस का?" लडकू म्हणाला. "आमी तर वर्गणी काढणार व्हतो."

"गुडघे रे."

"गुडघं काय तुला एकट्यालाच दिलं देवानं? बस."

ठोंबरे बसले, कडेला. म्हणाले, "लडकू, काहीतरी हसण्यासारखं सांग."

"म्हंजी?"

"असंच. सांग ना."

लडकूनं त्यांच्याकडे जरा बघितलं. पण गोष्ट सांग म्हटल्यावर लडकू कारण विचारणाऱ्यांतला नव्हता. "ती मॉक ड्रिलची ठाव हाय का तुला? तू तवा सुट्टीवर व्हतास. मुंबईचं सायब आलेलं. सायरन वाजला, सगळी गेटाजवळ पळाली, सेफ्टीवाल्यानं मोजली. तर एक माणूस जास्ती!"

"कमी असेल."

"जास्ती रं! कमी असता तर आत मेला म्हणून लिवलं असतं, प्रश्न मिटला. जास्तीचं काय करायचं? तीनदा मोजलं. सायब घामाघूम. शेवटी कळलं, तो भंगारवाला गजा. सायरन वाजला तसा तोबी सायकल टाकून पळत आला आन लायनीत उभा ऱ्हायला. आन ऐक, सगळ्यात आधी पोचला म्हणून बक्षीस कुणाला? गज्याला! स्टीलचा डबा! सायबाच्या हातानं! तो म्हणतो, सायब, डबा नवा हाय, भंगारात घेता यायचा नाय!"

ठोंबरे हसले. आधी नाकातून, मग सगळेच. बऱ्याच दिवसांनी सुरू केलेला पंप जसा आधी ढवळून निघतो आणि मग धरतो, तसे. डोळ्यांतून पाणी आलं. फक्त डोळ्यांतूनच नाही. ते हसत हसत थांबले, खिशातून कागद काढला, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: ५:५०. हसताना. पूर्ण ओलं.

"काय लिवतो रं?"

ठोंबऱ्यांनी जरा विचार केला आणि कागद सरळ लडकूच्या हातात दिला.

शिफ्टवाला माणूस कागद वाचतो तसा लडकूनं तो वाचला, वरून खाली, एकही ओळ न सोडता. नंतर मागची बाजू वाचली.

"हे तुझं?"

"हो."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

लडकूनं घसा साफ केला. रस्त्यावरून एक टेंपो जाऊ दिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आन ही रीडिंग खरी हायती?"

"खरी."

"म्हंजी जशी येतात तशीच लिवली?"

"हो."

लडकूनं इकडे तिकडे बघितलं. "येडा झालास का रं सहदेव? बत्तीस वर्सं नोकरी केलीस, एक मेमो नाय घेतलास, आन आता म्हातारपणी खरं लिवाया लागलास? असला कागद दाखवलास तर ते काय सोडतील व्हय तुला? अ‍ॅडमिट करतील! थोडं खाली आण की आकडं. मी आणून देतो, दे पेन."

"नको, लडकू."

"बघ बाबा. तुझी मर्जी." त्यानं कागद परत दिला, जरा कोपऱ्याला धरून. "बरं, जातो. सून वाट बघत असल." उठताना त्यानं लेंग्याची मागची बाजू झटकली. ती त्याची नेहमीची सवय होती की आजच झटकली, हे ठोंबऱ्यांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या गुरुवारी, ते कर्जतला गेले.

"काका, तुमची तारीख पुढच्या वर्षी ना?" भाग्यश्री म्हणाली. बाकांवर वीस-बावीस माणसं होती.

"बदल झालाय."

"कसला बदल? काय होतंय?"

"आतच सांगतो."

"तसं नाही चालत. मला इथं टाकावं लागतं."

ठोंबऱ्यांनी काउंटरवर वाकून सांगितलं. भाग्यश्रीनं संगणकात टाकताना तेच मोठ्यानं म्हटलं. बाकांवरच्या कुणीही मान वर केली नाही. तिथे सगळे त्याचसाठी आले होते.

शेवटचा नंबर लागला. बाईंनी नवा कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जुने शेजारी ठेवले.

"काका, दोन आठवड्यांत एवढं? एकावरून चार पॅड? ताप होता का? जळजळ? रक्त?" त्यांनी लगेच लेटरपॅड ओढून तपासण्या लिहायला सुरुवात केली. "आजच सोनोग्राफी करू. लघवीची तपासणी, रक्ताची. दुर्बिणीनंही बघावं लागेल. इतकं अचानक वाढलं तर मला..."

"अचानक नाही वाढलं."

"मग?"

"हे पहिल्यापासून एवढंच आहे." ठोंबऱ्यांनी जुन्या कागदांकडे बोट केलं. "ते खोटे आहेत."

"कुठला?"

"चारही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पंखा फिरत राहिला.

"का पण?"

खूप वर्षांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून कारण विचारलं जात होतं. उपाय काय केला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हेही बहुधा पुढे येणार होतं. "सवय," ठोंबरे म्हणाले. "कंपनीत असंच भरायचो."

"कंपनीत!" बाईंचा आवाज पहिल्यांदाच भाजीच्या यादीतून बाहेर आला. "अहो, मी तुम्हांला वर्षभर व्यायाम चांगला लागू पडतोय असं समजत होते! मी दुसऱ्या पेशंटना तुमचं उदाहरण देते!"

"नमुना म्हणून?"

"हो!"

ठोंबऱ्यांनी मान खाली घातली. कंपनीतही तेच झालं होतं.

नवा कागद बाईंनी पुन्हा हातात घेतला, आणि आता त्या तो सावकाश वाचत होत्या. मागची बाजूही. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हसताना. तीन दिवसांत एकदाच?"

"तेही मुद्दाम गेलो होतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. "बरं," त्या म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा यादीवर आला. "आता ऐका. वर्षानं या, हे मी त्या चार कागदांना सांगितलं होतं. तुम्हांला नाही. तुम्ही सहा आठवड्यांनी यायचं. व्यायाम आज खालच्या मजल्यावरची मॅडम शिकवेल, तो खरा करायचा. सहा आठवड्यांनी बघू, मग परत सहा आठवडे. फरक पडला तर तीन महिने, मग सहा. नाही पडला तर त्यावर छोटं ऑपरेशनही असतं. पण त्याआधी एक तपासणी हवी, लघवीच्या पिशवीत दाब किती होतो ती. तिचं मशीन इथे नाही, पनवेलला आहे."

"पनवेललाच?"

"हो. का?"

"काही नाही."

बाहेर भाग्यश्रीनं सहा आठवड्यांची तारीख दिली आणि पनवेलच्या तपासणीचा फॉर्म पुढे केला. नाव, वय, पत्ता ठोंबऱ्यांनी भरला. खाली होतं: सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव, नातं, फोन.

"हे लागतंच का?"

"नळी घालतात ना, काका. एकट्याला नाही घेत."

पेन त्या ओळीवर टेकलं. इथे काहीही लिहिता आलं असतं. लडकू ठोंबरे, भाऊ. कुणी तपासणार नव्हतं. ठोंबऱ्यांनी पेन उचललं आणि बाकावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नव्हे, जाऊन बसले आणि स्वप्नीलला फोन लावला.

"बाबा? मी मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"अर्जंट नाही."

"मग संध्याकाळी करू?"

"स्वप्नील, ऐक. अर्जंट नाही, पण सांगायचंय. मी कर्जतला दवाखान्यात आहे. मला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय. दोन वर्षं झालंय. तू मीटिंग संपव आणि फोन कर. मी इथंच बसलोय."

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. मग स्वप्नील म्हणाला, "बाबा, काय... बरं. करतो. लगेच करतो," आणि फोन बंद झाला.

चार वाजले, मग पाच. बाक रिकामे झाले. डॉक्टरबाईंची गाडी पुण्याला गेली. एक बाई फरशी पुसत त्यांच्या पायापर्यंत आली, त्यांनी पाय वर घेतले, ती पुढे गेली. भाग्यश्रीनं संगणक बंद केला, डबा पिशवीत टाकला.

"काका, फॉर्म राहिलाय तो अर्धा."

"भरतो. फोन यायचाय."

"सहाला बंद करतात इथं."

"हो, हो."

ती निघाली नाही. ओढणी नीट करत काउंटरशी उभी राहिली. ठोंबऱ्यांनी फोनकडे पाहिलं, शौचालयाकडच्या आतल्या बोळाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. त्या बोळात रेंज नसायची, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. अखेर ते उठले आणि फोन तिच्यासमोर धरला.

"जरा धरता का? मुलाचा फोन येईल. आला तर उचला. सांगा, लघवीला गेलेत, आत्ता येतील."

"बाहेर गेलेत असं सांगते ना, काका."

"नको. लघवीला गेलेत असंच सांगा."

ते गेले. नेहमीसारखा वेळ लागला. परत आले तेव्हा पावणेसहा होत होते, आणि फोन आला नव्हता. भाग्यश्रीनं पायांत चपला सरकवल्या होत्या, खांद्याला पिशवी लावली होती, आणि फोन मात्र दोन्ही हातांत, समोर, तसाच धरला होता.